काटेरी कुंपण आणि कोंब
प्रोग्रामरांचा पांडित्यविनोद आणि नोकरीची परीक्षा

संस्कृत वैयाकरणांविषयी एक जुनी थट्टा आहे. सूत्रातली अर्धी मात्रा जरी वाचली, तरी त्यांना मुलगा झाल्याइतका आनंद होतो. ही थट्टा कुणा बाहेरच्या टवाळाने केलेली नाही. ती नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात परिभाषा म्हणून, म्हणजे शास्त्रातला एक नियम म्हणून येते. नागेशभट्ट काळे हे काशीत राहिलेले महाराष्ट्रीय पंडित, सतराव्या-अठराव्या शतकातले. आपल्याच जमातीच्या वेडाला हसायचे आणि त्याच वेडाला नियमाची प्रतिष्ठाही द्यायची, हा दुहेरी व्यवहार मला फार बोलका वाटतो. कारण आज तो दुसऱ्या एका जमातीत तसाच्या तसा दिसतो. ती जमात प्रोग्रामरांची. दिलेले काम कमीत कमी अक्षरांच्या कोडमध्ये बसवण्याच्या त्यांच्या स्पर्धा चालतात. एक अक्षर वाचले की पुत्रोत्सव ठरलेला.

या जमातीच्या विनोदाकडे मराठी समीक्षेने अजून पाहिलेले नाही. त्याचे एक कारण असे, की तो आपल्याला साहित्य वाटत नाही. पण त्याला स्वतःचे संकेत आहेत, ठरलेली पात्रे आहेत, आवर्तने आहेत. मुख्य म्हणजे त्याचा एका गंभीर गोष्टीशी संबंध आहे : नोकरी कुणाला मिळते. या लेखात मी आधी या विनोदाची जात तपासणार आहे. मग नोकरीच्या मुलाखतीवर रचलेल्या त्याच्या काही नमुन्यांचे वाचन करणार आहे आणि शेवटी त्या नमुन्यांत कोण दिसत नाही, हे सांगणार आहे. मी वडनेरला राहतो, बरीच वर्षे संगणकाचा वर्ग चालवतो. न्यायशास्त्र आणि प्रोग्रामिंग दोन्ही पुस्तके घेऊन एकट्यानेच शिकलो. त्यामुळे दोन्हींकडे पाहताना मला ती एकाच घरातली भावंडे वाटत आली आहेत.

१. छल आणि कोटी

या विनोदाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना दुधाचा आहे. बायको प्रोग्रामर नवऱ्याला सांगते, ‘एक लिटर दूध आण, आणि अंडी असली तर सहा आण.’ नवरा सहा लिटर दूध घेऊन येतो. का? तर म्हणे अंडी होती! वाक्यात ‘सहा’ कशाचे ते सांगितलेले नाही. माणूस ते संदर्भाने भरून काढतो, यंत्र भरत नाही. नवऱ्याने यंत्रासारखे वाचले, एवढाच विनोद.

न्यायसूत्रांत गौतमाने या प्रकाराला नाव देऊन ठेवले आहे : छल. बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या शब्दांवर लादून त्याला खोडून काढणे म्हणजे छल. त्याचे तीन प्रकार. पहिला वाक्छल. वात्स्यायनाने भाष्यात दिलेले उदाहरण घोंगडीचे आहे. ‘नव’ या शब्दाचा एक अर्थ नवा, दुसरा नऊ. अंगावर नवी घोंगडी असलेल्या मुलाबद्दल कुणी बोलले, की छलवादी म्हणतो, याच्याकडे एकच तर आहे, नऊ कुठल्या? दुसरा सामान्यछल, त्याकडे पुढे येतो. तिसरा उपचारछल : मचाणावरून आरडाओरडा होतो आहे या अर्थी कुणी ‘मचाण ओरडते’ म्हटले, तर छलवादी सांगतो, मचाण कसे ओरडेल, मचाणावरची माणसे ओरडतात! चर्चेत ‘तांत्रिकदृष्ट्या पाहता...’ अशी सुरुवात करणारा जो एक गडी प्रत्येक कार्यालयात असतो, त्याचे हे मूळपुरुष.

मराठी विनोदाच्या वाचकाला इथे कोटी आठवेल. आमच्या विदर्भातलेच श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे कोटीचे मोठे कारागीर. ‘सुदाम्याचे पोहे’ वाचताना भाषा दर चार पावलांवर दोन तोंडांनी बोलते. पण प्रोग्रामरचा विनोद कोटीपेक्षा उलट्या दिशेने जातो. कोटीकार एका शब्दातून दोन अर्थ काढतो आणि दोन्ही एकदम हातात ठेवतो. तिथे भाषा श्रीमंत होते. प्रोग्रामर माणसांनी गृहीत धरलेला अर्थ काढून घेतो आणि उरलेला कोरडा सांगाडा दाखवतो. कोटी ऐकून आपण भाषेवर खूश होतो. दुधाचा किस्सा ऐकून आपल्याला कळते, की रोजच्या बोलण्यात आपण न सांगता किती सोडून देतो. हा विनोद मला कमी प्रतीचा वाटत नाही. भाषेविषयीचे एक खरे ज्ञान त्यात आहे.

२. कीस काढण्याचा हक्क

हे ज्ञान त्यांना धंद्यातून मिळते. यंत्राला उपचार कळत नाही, लक्षणा कळत नाही. सांगितले तेवढेच ते करते. म्हणून प्रोग्रामरला शब्दाचा कीस काढावाच लागतो. तो काढला नाही तर काय होते? १९९९च्या सप्टेंबरात नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झाले. एका संगणक-प्रणालीने आकडे इंग्रजी एककात दिले, दुसरीने ते मेट्रिक एककातले समजून घेतले. आकडा आकड्याच्या जागी बरोबर होता, तो ‘कशाचा’ हे राहून गेले. दुधाच्या किश्शातला ‘सहा’ आणि हा आकडा एकाच जातीचे.

आपल्या भाषेत याहून जवळचे उदाहरण आहे. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’. पहिल्या वाक्यात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक एका रफाराचा. देवनागरी लिहिणाऱ्या इतर अनेक भाषांना या चंद्रकोरीसारख्या ‘र’ची गरजच पडत नाही; मराठीला पडते. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे आणि त्यातून तो अर्धा ‘र’ लिहिता येतो. पण तो फाँटमध्ये नीट उतरावा, शोधताना सापडावा, टंकताना बिघडू नये, यासाठी कुणीतरी बसून कीस काढलेला असतो. त्या माणसाला ‘फार चिकित्सक बुवा’ म्हणून हसणे सोपे आहे. पण तो नसता तर संगणकावर आपले आचार्य कायमचे मुदपाकखान्यात गेले असते.

आणि हा प्रश्न छपाईपुरता नाही. सातबाऱ्यावर नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, बँकेत तिसऱ्या तऱ्हेने. तलाठ्याला ठाऊक असते की तिन्ही माणसे एकच. यंत्राला नसते. २०१७च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज घेतले गेले आणि याद्यांमधल्या विसंगतींमुळे पैसे जमा होणे लांबले, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. त्या रांगेत उभा असलेला माणूस प्रोग्राम लिहीत नसतो, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याला काम येते की नाही यावर त्याचा हंगाम अवलंबून असतो. म्हणून ‘चांगला प्रोग्रामर कसा ओळखावा’ हा प्रश्न हिंजवडीतल्या कंपन्यांइतकाच वडनेरचाही आहे.

३. मुलाखतीची तीन आख्याने

ओळखावा कसा, हा प्रश्न धंद्याइतकाच जुना आहे. नेदरलँड्समधले एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७२च्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितले, की १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रामर’ असा लिहिला, तर ॲम्स्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी असा व्यवसायच नाही म्हणून तो नाकारला. ज्याचे अस्तित्व साठाहून अधिक वर्षांपूर्वी दप्तरात मान्य नव्हते, त्याची परीक्षा कशी घ्यायची हे आजही पक्के ठरलेले नाही.

२००७च्या सुमारास एक छोटी परीक्षा गाजली : ‘फिझबझ’. एक ते शंभर आकडे छापा. तीनच्या पाढ्यातला आकडा आला की त्याऐवजी ‘फिझ’ छापा, पाचच्या पाढ्यातला आला की ‘बझ’, आणि दोन्हींत असला की ‘फिझबझ’. मूळ हा मुलांचा पाढ्यांचा खेळ. गोम एवढीच, की पंधराची अट आधी तपासली नाही तर ‘फिझबझ’ कधी छापलेच जात नाही. पदवी घेऊन आलेल्यांतल्या बऱ्याच जणांना हे जमत नाही, अशी तक्रार तेव्हा झाली आणि बघता बघता ती तक्रार हाच एक विनोद झाला. ‘फिझबझसुद्धा येत नाही’ हे वाक्य आपल्याकडच्या ‘बे एके बे येत नाही’सारखे वापरले जाऊ लागले.

या परीक्षेवर जे विडंबन उभे राहिले, ते साहित्य म्हणून वाचण्याजोगे आहे. पहिला नमुना ‘फिझबझ एंटरप्राइज एडिशन’. पाढ्यांचा तोच खेळ, पण मोठ्या कंपन्यांच्या शैलीत डझनावारी फायलींमध्ये पसरवलेला. एक शब्द छापायला एक कारखाना, त्या कारखान्याला एक व्यवस्थापक, त्या व्यवस्थापकाला एक आराखडा. तो प्रत्यक्ष चालतो, हाच त्यातला उपहास. सरकारी फायलींवर मराठीत जे पुष्कळ लिहिले गेले, त्याच्या पंक्तीला हा बसतो. फरक इतकाच, की इथे विडंबनाचा मजकूर आणि विडंबित वस्तू एकच आहेत.

दुसरा नमुना जोएल ग्रुस यांची २०१६ची छोटी संवादकथा. मुलाखतकार फिझबझ लिहायला सांगतो. उमेदवाराला ते फारच क्षुद्र वाटते. तो थेट यंत्रशिक्षणाची सामग्री मांडू लागतो. आकड्यांचे द्विमान रूप करतो, उत्तरांचे चार वर्ग पाडतो, शंभरच्या पुढचे आकडे देऊन यंत्राला शिकवतो आणि मग एक ते शंभरची उत्तरे त्याच्याकडूनच काढून घेतो. मुलाखतकार अधूनमधून चाचरत विचारतो, बरे आहात ना? नोकरी मिळत नाही. पुढे उमेदवार तो प्रोग्राम खरोखर चालवून पाहतो, तर यंत्राची काही उत्तरे चुकलेली असतात. ही शेवटची कलाटणी मला मोलाची वाटते. लेखकाने आपल्या नायकाला विद्वान ठेवले, पण निर्दोष ठेवले नाही.

तिसरा नमुना काइल किंग्सबरी यांच्या मुलाखतकथा. त्यांतली एक २०१७ची. नायिका उत्तर युरोपातल्या पुराणातून आल्यासारखी चेटकीण. प्रश्न बुद्धिबळातल्या वजिरांचा : एकमेकांना मारणार नाहीत असे ते पटावर ठेवायचे. नेहमीचा प्रोग्राम न लिहिता ती हास्केल भाषेच्या ‘टाइप’ व्यवस्थेतच, म्हणजे जवळजवळ व्याकरणातच, सगळा हिशेब मांडते. हे म्हणजे क्रियापद न वापरता केवळ समासांत गोष्ट सांगण्यासारखे. समोरचा तरुण मुलाखतकार पाहत राहतो. गद्याला मंत्राची लय आहे, आणि ज्ञान म्हणजे जादू हे जुने रूपक इथे पुन्हा जिवंत होते.

या आख्यानांत समान काय? मुलाखतीच्या दोन्ही कथांत नायकाला परीक्षकापेक्षा जास्त येते. त्याचे दुःख हे, की त्याचे ‘जास्त’ ओळखले जात नाही. परीक्षक मध्यम बुद्धीचा, परीक्षा पोरकट आणि नायक अर्धमात्रेचा उपासक. म्हणजे हा विनोद पंडिताच्या बाजूने लिहिलेला आहे. मुलाखतीत खरोखर काहीच न सुचलेला, घाम फुटलेला उमेदवार यात नायक म्हणून कुठेच येत नाही. तो येतो फक्त मूळ तक्रारीत, ‘फिझबझसुद्धा येत नाही’ या वाक्यात, आणि तिथे त्याला नाव नसते, संवाद नसतो. अनुपस्थिती हासुद्धा समीक्षेचा पुरावा असतो असे मी मानतो.

४. सामान्यछल

आता तो दुसरा छल. ‘ब्राह्मणात विद्या संभवते’ असे कुणी कौतुकाने म्हटले, की छलवादी तेवढ्यावरून अमुक ब्राह्मण आहे म्हणजे त्याला विद्या असलीच पाहिजे, असे धरून चालतो आणि मूळ विधान मोडीत काढतो. ‘संभवते’ याचे ‘असतेच’ करणे, हा सामान्यछल.

नोकरभरतीत नेमके हेच घडते. काटेकोर बोलणाऱ्यात कौशल्य संभवते, हे खरे. त्यावरून काटेकोर बोलतो म्हणजे कौशल्य आहेच, आणि आमच्या विनोदाला हसला नाही म्हणजे नाहीच, असे होते. विनोद हा सभासदत्वाचा बिल्ला होतो. तो ज्याच्या छातीवर दिसतो, तो आपला.

माझ्या वर्गातून पुढे अभियांत्रिकीला गेलेली मुले मुलाखतींहून परत आली, की कोणते प्रश्न आले ते मी विचारून वहीत लिहून ठेवतो. एका मुलाला विचारले गेले, की मॅनहोलचे झाकण गोल का असते. हा प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या जुन्या मुलाखतींमुळे जगभर प्रसिद्ध झाला, २००३ साली विल्यम पाउंडस्टोन यांनी अशा कोड्यांवर पुस्तकच लिहिले. उत्तर असे, की गोल झाकण कसेही फिरवले तरी भोकातून आत पडत नाही. तो मुलगा ज्या गावात वाढला तिथे गटारे उघडी आहेत. झाकणाच्या आकारावर विचार करण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेली नव्हती. ज्यांनी ते पुस्तक किंवा त्याची नक्कल वाचलेली असते, त्यांना उत्तर पाठ असते. मग परीक्षा कशाची झाली?

हे कोडे निरुपयोगी आहे हे खुद्द त्या धंद्यानेच सांगून टाकले आहे. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ साली जाहीरपणे म्हटले, की असली कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय, त्यांवरून पुढच्या कामाचा काहीच अंदाज येत नाही. फळ्यापुढे उभे करून कोड लिहायला लावण्याची पद्धतही तपासली गेली. २०२० साली नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी परीक्षकासमोर बोलत बोलत प्रश्न सोडवला, काहींनी एकट्याने खोलीत. कुणी पाहत असताना कामगिरी निम्म्याहून अधिक घसरली. त्या गटातल्या एकाही स्त्रीला उत्तर जमले नाही. एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या स्त्रियांना जमले. संख्या लहान आहे, तिच्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण दुधाच्या किश्शात दूध मागणारी नेहमी बायको आणि प्रोग्रामर नेहमी नवरा का असतो, हे या निष्कर्षाशेजारी ठेवून पाहावे. १९४५-४६ मध्ये एनियाक या संगणकाचे प्रोग्राम बसवणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या. पुढे किस्सा रचणाऱ्यांना त्याची आठवण राहिली नाही.

५. दक्षिणा आणि ग्रंथ

पांडित्याची परीक्षा आणि त्यावर पैसा, हा प्रकार मराठी समाजाला नवा नाही. पेशवाईत श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जाई आणि दूरदूरचे शास्त्री त्यासाठी येत. शास्त्र किती मुखोद्गत आहे, वादात कोण टिकतो, यावर मान ठरे. आणि ही कवाडे एकाच जातीसाठी उघडी होती. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दक्षिणा चालू ठेवली. १८२१ मध्ये तिच्यातल्याच पैशातून पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या नव्या विचारांच्या मंडळींनी मागणी केली, की दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. जुन्या शास्त्रीमंडळींनी त्यावर मोठा गहजब केला. पण दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठीत ग्रंथ लिहिले जाऊ लागले.

या मागणीत एक साधा बदल आहे : तोंडाने किती येते हे न विचारता, करून काय दाखवता ते विचारा. भरतीच्या शास्त्रात यालाच कामाचा नमुना म्हणतात. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा उमेदवाराकडून प्रत्यक्ष कामाचा तुकडा करून घेणे ही पद्धत सर्वांत वर होती. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे फेरतपासले आणि बरेच खाली आणले. त्यात सर्वांना तेच ठरवलेले प्रश्न विचारणारी शिस्तीची मुलाखत पहिली आली. दोन्ही आढाव्यांत मनाला येईल ते विचारणारी सैल मुलाखत मागेच राहिली.

आमच्या जिल्ह्याला हे शहाणपण परके नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली, ती हाताच्या कामातूनच ज्ञान द्यावे या पायावर. आणि हिंगणघाटच्या बाजारात ग्रेडर गाडीतला मूठभर कापूस उचलतो, कचरा पाहतो, ओल पाहतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून लांबी अजमावतो. त्याच्या हातून अन्याय होत नाही असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. भावावरून भांडणे रोजची आहेत. पण तो निदान कापूस पाहतो. शेतकऱ्याला कोडी घालून भाव ठरवत नाही.

६. कुंपण

मग पांडित्यविनोद टाकून द्यायचा का? मला तसे म्हणायचे नाही. गौतमाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त मोडतोड करते ती वितंडा. गंमत अशी, की तो जल्प आणि वितंडा यांना हद्दपार करत नाही. बियाचा कोंब जपण्यासाठी काट्यांचे कुंपण घालतात तसा तत्त्वनिश्चय जपण्यासाठी त्यांचा उपयोग आहे, असे तो म्हणतो.

आमच्याकडे पेरणी झाली की वावराच्या धुऱ्यावर बोरीच्या, बाभळीच्या काट्या टाकतात. ढोरे आत शिरू नयेत म्हणून. फिझबझ हे असेच कुंपण आहे आणि तेवढ्यापुरते ते योग्य आहे. ज्याला साधी अट लिहिता येत नाही, त्याच्या हाती कर्जमाफीची यादी देऊ नये, असे माझेही मत आहे. अर्धमात्रेचा आनंदही खरा आहे. तो नसता तर पाणिनीची सूत्रे झाली नसती आणि ‘आचाऱ्यां’चा रफारही जागेवर बसला नसता.

पण कुंपण कशासाठी घातले, हे घालणाऱ्याने विसरू नये. वैयाकरणांनी स्वतःवर केलेली थट्टा टिकली, कारण तिच्यामागे शास्त्राचे काम उभे होते. प्रोग्रामरांच्या विनोदातले मला आवडणारे नमुनेही असेच स्वतःला टोचणारे आहेत. ग्रुसच्या नायकाचे यंत्र चुकते, म्हणून ती कथा कथा होते. ज्या नमुन्यात टोच फक्त समोरच्याला आहे, तो विनोद म्हणूनही उणा आणि परीक्षा म्हणूनही. माझ्या वहीतल्या मुलांपैकी कुणी उद्या परीक्षकाच्या खुर्चीत बसेल. त्याने समोरच्याला एक बिघडलेला प्रोग्राम द्यावा, तास-दीड तास एकटे सोडावे, आणि परत येऊन म्हणावे, काय सापडले ते दाखव. दुधाचा किस्सा नंतर चहाच्या वेळी सांगता येतो.